उखर्डू : उकिरड्यावरून उचलून आणलेले नाव

या पानावर आपण कपाशीवरची बोंडअळी, केळीवरचा करपा, हरभऱ्यावरची मर अशा विषयांवर नेहमी वाचता. आज मात्र एका नावाबद्दल लिहितो आहे. नाव आपल्या ओळखीचे आहे. तुमच्या घरात आजोबांचे असेल, नाहीतर गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्याचे असेल. ते नाव म्हणजे उखर्डू.

निमित्त घडले 2025 मध्ये. शेतकरी ओळख क्रमांक काढण्यासाठी, म्हणजे ज्याला आपण ॲग्रिस्टॅकची नोंदणी म्हणतो त्यासाठी, गावोगाव शिबिरे सुरू होती. एका गावी ऐंशीच्या घरातले एक बाबा नातवाला घेऊन आले. आधार कार्डावर नाव उखर्डू. सातबाऱ्यावर नुसते उखा. बँकेच्या पासबुकात तिसरेच स्पेलिंग. या नोंदणीत आधारावरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव जुळवून पाहतात. येथे ते जुळेना. मी बाबांना विचारले, "बाबा, खरं नाव कोणतं?" ते म्हणाले, "मनं नाव उखर्डूच शे. तठे काय लिखेल शे, ते माले काय मालूम?"

नातू शिकलेला. त्याला रांगेतल्या लोकांसमोर ओशाळल्यासारखे झाले. तो हळूच म्हणाला, "साहेब, एवीतेवी दुरुस्ती करायचीच आहे, तर आजोबांचं नाव उमेश करून टाकू. उखर्डू हे काय नाव झालं? लोक हसतात."

बाबांनी ते ऐकले. रागावले नाहीत. त्यांनी हाताची चार बोटे दाखवली. त्यांच्या आधी आईची चार मुले गेली होती. पाचवे हे. वाचावे म्हणून आईने हे नाव ठेवले होते. नातवाला ही गोष्ट तोपर्यंत कोणी सांगितलेली नव्हती.

मंडळी, म्हणूनच हा लेख. आपल्या घरातली अशी नावे कोठून आली हे ठाऊक नसले, तर ती पुसून टाकावीशी वाटतात. आणि अर्धवट पुसली, तर जमिनीच्या कागदात घोळ होतो. दोन्ही गोष्टी सांगतो.

नाव आले कसे

उकिरडा म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. आपल्याकडे बोलताना उखर्डा, उकर्डा असेही म्हणतात. शेण, केरकचरा, राख, गोठ्यातली उष्टावळ जेथे टाकायची ती जागा. त्या उखर्ड्यावरूनच उखर्डू. उखा, उखाजी हीही त्याच घराण्यातली नावे म्हणून जुनी माणसे सांगतात.

पूर्वी एखाद्या बाईची मुले पाठोपाठ दगावली, की पुढच्या बाळंतपणात घरची माणसे धास्तावलेली असत. बाळाला कोणाची तरी नजर लागते, सटवाईचा फेरा आहे, मृत्यूला या घरची वाट सापडली आहे, अशी समजूत. मग मृत्यूला फसवायचे. बाळाला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायचे, जणू हे मूल आम्ही टाकून दिले. मागून आत्याने किंवा शेजारच्या बाईने जायचे, बाळ उचलायचे आणि आईला आणून द्यायचे. आईने त्या बदल्यात मूठ-पसा धान्य द्यायचे. म्हणजे मूल आता तिच्या पोटचे राहिले नाही, उकिरड्यावर सापडलेले आणि धान्य देऊन घेतलेले झाले. टाकलेल्या वस्तूला कोण नेणार? आणि मृत्यूने पुन्हा चौकशी केलीच, तर घरात सोन्या नाही, हिरा नाही, नुसता उखर्डू आहे.

आता यात शास्त्र नाही हे मी कृषी पदविका घेतलेला माणूस म्हणून स्पष्ट सांगतो. उकिरड्यावर बाळ ठेवल्याने ते वाचत नाही. उलट धनुर्वाताचा धोका वाढतो, कारण त्याचे जंतू शेणामातीत असतात. कोणी हे आज करायला सांगितले, तर करू नका. पण नाव ठेवणाऱ्या आईकडे त्या काळी दुसरे होते काय? दवाखाना नाही, लस नाही, सलाइन नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावोगाव पसरला. 1899-1900 चा मोठा दुष्काळ पडला, त्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणत, कारण विक्रम संवत 1956 होते. 1918 च्या तापाच्या साथीत देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. देवी, गोवर, हगवण तर दरवर्षीचीच. अशा दिवसांत त्या आईच्या हातात एकच गोष्ट होती, मुलाचे नाव. ते तिने हत्यारासारखे वापरले.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या उकिरड्याला गाव घाण म्हणते, त्यालाच शेतकरी खत म्हणतो. चांगल्या कुजलेल्या शेणखताच्या एका टनात साधारण 5 किलो नत्र असते. दिवाळीत बऱ्याच गावांत उकिरड्यावरही पणती ठेवतात. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण आपल्याकडे आहेच. तेव्हा हे नाव शेतकऱ्याच्या घरात अगदीच परके नव्हते.

उखर्डूचे भाऊबंद

एकटा उखर्डूच नाही. मतदारयादीतली जुनी नावे काढून पाहा. भिका म्हणजे देवाकडे किंवा दारोदार भीक मागून मिळवलेला. अशा बाळासाठी पाच घरचे धान्य, पाच घरची जुनी कापडे मागून आणत. दगडू, दगा, धोंडू म्हणजे दगड, ज्याला रोग लागत नाही आणि ज्याला कोणी नेत नाही. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्या महिन्यात जन्मला म्हणूनही कोणी धोंडू झाला असेल. केरू, कचरू यांचा अर्थ उखर्डूचाच. फकिरा म्हणजे फकिराला नवस बोलून झालेला किंवा त्याच्या ओटीत घातलेला. नथू म्हणजे ज्याचे नाक टोचले तो. मुलगा मुलीसारखा दिसावा आणि मृत्यूने फसावे म्हणून नाकात नथ घालत. नथू हे नाव नाथावरूनही आलेले असू शकते, तेव्हा प्रत्येक नथूच्या मागे हीच कथा असेल असे नाही.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी सर्वांना ठाऊक आहेत. जन्म 1880, मृत्यू 1951. आपल्या विद्यापीठाला 2018 मध्ये त्यांचे नाव दिले गेले. त्यांच्या वडिलांचे नाव उखाजी महाजन आणि पतीचे नाव नथूजी चौधरी. म्हणजे ज्या कवयित्रीचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर आहे, तिच्या माहेरी उखाजी होते आणि सासरी नथूजी. ही नावे खानदेशात किती घरगुती होती, ते यावरून कळेल.

पुण्याच्या प्रसिद्ध गणपतीचे नाव दगडूशेठ हलवाई यांच्यावरून पडले, तेथेही दगडूच आहे. महर्षी कर्वे यांचे पूर्ण नाव धोंडो केशव कर्वे. धोंडो नावाचा हा माणूस 1858 मध्ये जन्मला, 1958 मध्ये भारतरत्न झाला आणि 1962 मध्ये वयाच्या 105 व्या वर्षी गेला. नावाचा गुण म्हणा किंवा योगायोग म्हणा, दगडासारखा टिकला.

जगभर हीच आई

हे फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नका. बंगालचे क्रांतिकारक खुदीराम बोस यांचा जन्म 1889 चा. त्यांच्या आधीचे भाऊ लहानपणीच गेले होते. म्हणून आईने हे बाळ थोरल्या बहिणीला तीन मुठी खुदीला विकले. खुद म्हणजे तांदळाची कणी. त्यावरून नाव पडले खुदीराम. आपल्या उखर्डूच्या मूठभर दाण्यांची आणि त्या तीन मुठी कणीची जात एकच. मृत्यूला चुकवण्यासाठी ठेवलेल्या नावाचा हा मुलगा 1908 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी देशासाठी फासावर गेला.

पंजाबात घसीटा हे नाव सापडते, म्हणजे जमिनीवरून फरफटत आणलेला. गुजरातेत कचरा. चीनमध्ये 'कुत्र्याने उष्टे टाकलेला' अशा अर्थाची नावे मुलांना लाडाने ठेवत. आणि सगळ्यांत नवल म्हणजे, इजिप्त देशात रोमन राजवटीच्या काळातल्या कागदपत्रांत कोप्रेउस नावाची माणसे सापडतात. ग्रीक भाषेत कोप्रोस म्हणजे शेण, खत. कोप्रेउस म्हणजे सरळसरळ उखर्डू! यांतली काही मुले खरोखरच उकिरड्यावर टाकलेली आणि दुसऱ्यांनी उचलून वाढवलेली असावीत, असे अभ्यासक म्हणतात. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी नाईल नदीच्या काठी जे नाव होते, ते तापीच्या काठीही होते. एकमेकांना त्यांनी पाहिलेही नसेल.

नाण्याची दुसरी बाजू

खोटे कशाला बोला, या नावांना दुसरी बाजूही आहे. मनुस्मृतीत शूद्राचे नाव तुच्छता दाखवणारे असावे, असे सांगितलेले आहे. आपल्या गावगाड्यातही तसेच चाले. पाटलाच्या घरचा दगडू दगडूशेठ किंवा दगडूआबा होई, आणि गावकुसाबाहेरचा दगडू म्हातारा झाला तरी दगड्याच राही. नाव एकच, पण एकाच्या नावात आईची माया ऐकू येई, दुसऱ्याच्या नावात गावाचा तिरस्कार. 2001 च्या 'लगान' चित्रपटात ज्याच्या हाताला कोणी शिवत नाही, त्याचे नाव कचरा आहे, ते उगीच नाही.

दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. 1978 मध्ये आलेल्या 'बलुतं' या आत्मकथनात त्यांनी दगडू आणि दया या एकाच माणसाच्या दोन नावांना समोरासमोर बसवले आहे. तेव्हा ज्याला आपले नाव टोचते, त्याने ते बदलले तर त्याला नावे ठेवू नका. तो त्याचा हक्क आहे. मात्र दुसऱ्याचे, तेही जिवंत माणसाचे नाव त्याला न विचारता बदलू नये. आणि कोणाला हाक मारताना उखर्ड्या न म्हणता उखर्डूबाबा म्हणावे. नावातली घाण नावात नसते, हाक मारणाऱ्याच्या जिभेवर असते.

नाव मागे का पडले

आज अंगणवाडीच्या हजेरीत उखर्डू सापडणार नाही. माझ्या वर्गात संदीप, योगेश, सचिन होते. आता आरव, शौर्य, विराट आहेत. काही जण म्हणतात, टीव्हीने नावे बिघडवली. टीव्हीचा हात असेल, पण खरे कारण दुसरे आहे.

सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे 1971 मध्ये देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी 129 बाळे वर्षाच्या आत जात. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला. महाराष्ट्रात तो 16 होता. 1975 मध्ये देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. 1985 पासून सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले. मूल जगेल अशी खात्री आईला वाटू लागली, तेव्हा तिला उकिरड्याची गरज उरली नाही. उखर्डू हे नाव मागे पडले ते लाजेने थोडे, आणि मुले जगू लागली म्हणून जास्त. एखादे नाव नाहीसे होणे ही आनंदाची बातमी असू शकते, ती ही अशी.

पण 16 म्हणजे शून्य नव्हे. आपल्या सातपुड्याच्या पाड्यांवर अजूनही काळजी आहे. लसीकरणाच्या दिवशी आशाताई दारात आल्या, तर शेतातले काम तासभर थांबवा. आजच्या काळातला बाळाचा ताईत तोच आहे.

आता कागदाचे बोलू

जुन्या नावांचा घोळ कोठून होतो ते पाहा. पूर्वी तलाठ्याने जे ऐकले ते लिहिले. उखर्डूचा उखा झाला, भिकाचा भिकन झाला, दगडूचा दगा झाला. जन्माची नोंद गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात असे. पुष्कळदा तेथे बाळाचे नावच नसे, नुसते 'मुलगा' आणि बापाचे नाव. जुन्या नोंदी मोडीत. पुढे शाळेत गुरुजींनी एक लिहिले, बँकेत दुसरे, आधारला तिसरे. माणूस हयात असेपर्यंत सर्व निभते. तो गेला, की वारसनोंदीच्या वेळी उखा कोण आणि उखर्डू कोण हे सिद्ध करीत मुले फिरतात. म्हणून पुढील गोष्टी वेळीच करा.

पहिली गोष्ट. घरातल्या वयस्कर खातेदाराचे सर्व कागद एका पिशवीत काढा : सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, असल्यास शाळेचा दाखला. नाव अक्षरश: एकच आहे का ते ताडून पाहा. काना-मात्राही पाहा.

दुसरी. सातबाऱ्यावर लिहिताना चूक झाली असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. जुना फेरफार, खरेदीखत किंवा वाटणीपत्र यांत बरोबर नाव असेल, तर त्याची नक्कल जोडा. 'उखा आणि उखर्डू ही एकाच व्यक्तीची नावे' असे प्रतिज्ञापत्र जोडीला उपयोगी पडते. पण मूळ नोंद दुरुस्त करून घेणेच पक्के.

तिसरी. नाव पूर्णपणे बदलायचेच असेल, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्या आणि मग सगळ्या कागदांवर बदला. एकाच कागदावर बदलाल, तर अडकाल. आधारावरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून पहिल्याच वेळी नीट लिहा.

चौथी, तरुण आईबापांसाठी. जन्म नोंदवताना बाळाचे नाव ठरलेले नसेल, तर 12 महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना अशा कामांसाठी जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो. राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचे नाव लिहिताना मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. ज्या आईने पोरांच्या जिवासाठी नाव ठेवले, तिचे स्वत:चे नाव कागदावर कधीच नव्हते. आता ते आले, हे चांगले झाले.

आणि ग्रामपंचायतीत, तलाठी कार्यालयात बसणाऱ्या बंधूंना एक विनंती. असे नाव समोर आले की हसू नका, आणि परस्पर 'सुधारून'ही लिहू नका. माणूस सांगतो तसे, त्याच अक्षरांत लिहा. तुमचे एक अक्षर पुढच्या दोन पिढ्यांना हेलपाटे घालायला लावते.

शेवटी त्या बाबांचे. त्यांचे नाव उमेश झाले नाही. नातवाने जुन्या फेरफाराची नक्कल काढली. त्यात उखर्डू असे स्वच्छ लिहिलेले निघाले. मग सातबाऱ्यावरच्या उखाची दुरुस्ती झाली, पासबुकही बदलले, ओळख क्रमांक मिळाला. अर्ज लिहिताना नातवाने आजोबांचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले, हे मी पाहिले.

तुमच्याही घरात असा एखादा उखर्डू, भिका, दगडू, नथू असेल. आज संध्याकाळी ओट्यावर बसलात की त्यांना विचारा, "आबा, तुमचं नाव कोणी ठेवलं?" ते सांगतील ते पोरांना ऐकू द्या. आणि पिशवीतले कागदही त्याच वेळी काढा.